डच पवनचक्की आतून बघायची तर

नेदरलँड्समध्ये आज सुमारे १२०० पवनचक्क्या आणि शंभरेक पाणचक्क्या उभ्या आहेत. पर्यटक बहुधा किंडरडाइकला जातात. तिथल्या १९ पवनचक्क्यांची रांग देखणी आहे, वाद नाही. पण बहुतेकींत लोक राहतात, त्यामुळे आत शिरता येतं ते मोजक्या संग्रहालय-चक्क्यांतच. शिवाय त्या शेतजमिनीतलं पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या. जातं, घाणा किंवा करवत चालताना बघायची असेल तर झान्स स्खान्स गाठा. अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीने झानडाइक स्टेशन वीस मिनिटांच्या आत येतं, पुढे पंधरा-वीस मिनिटं चालायचं. तिथे ‘दे झूकर’ तेल काढते, ‘दे कॅट’ रंगाची खडी कुटते आणि ‘हेट योंगे स्खाप’ ओंडके कापते. गर्दी नको असेल तर गावातली साधी पिठाची चक्की त्याहून बरी.

गावातली चक्की बहुधा हौशी चक्कीवाले चालवतात आणि अनेक ठिकाणी ती शनिवारीच उघडते. चक्कीवर निळा लांबट झेंडा दिसला की आत या, असा अर्थ. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय चक्की दिन असतो. त्या दिवशी एरवी बंद असलेल्या चक्क्याही उघडतात.

निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघा. झाडाच्या लहान फांद्या हलत्या राहतील इतका, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर ४ च्या आसपास वारा असला की दळण नीट निघतं. त्याहून कमी वाऱ्यात पाती नुसती रिकामी फिरतात. विजा चमकायला लागल्या की चक्की थांबवतात, कारण वीजरोधकाची तार पात्याला जोडायची तर पातं थांबलेलं लागतं. वादळात ब्रेकवर भिस्त ठेवता येत नाही. लाकडी ठोकळे चाकावर घासून तापतात आणि पेटूही शकतात.

काही चक्क्यांची पाती जमिनीपासून हातभरावर फिरतात. मिनिटाला साठ पाती समोरून गेली म्हणजे पंधरा फेरे. २५ मीटरच्या पसाऱ्यात टोकाचा वेग ताशी सत्तर किलोमीटर होतो. म्हणून कुंपण ओलांडू नका, मुलांचा हात सोडू नका. आतले जिने शिडीसारखे उभे असतात: उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवायचं, दोर धरायचा. सैल ओढणी, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा आधी आवरा. लाकडी दात्यांची चाकं अगदी बाजूला फिरत असतात.

जात्यापाशी थोडा वेळ थांबा. दीड मीटर व्यासाच्या तळ्या, वरची फिरती, खालची स्थिर. आपल्या घरच्या जात्याचंच थोरलं रूप. चक्कीवाला पीठ चिमटीत चोळून बघतो. ते फार गरम लागलं तर तळ्या जास्त जवळ आल्यात. दाणा संपला तर दगडावर दगड घासून ठिणगी पडते, म्हणून धान्याच्या टोपल्यात घंटा बांधतात. आणि हो, त्या तळ्यांनाही अधूनमधून टाकी लावावीच लागते.

थांबलेल्या पात्यांचीही भाषा आहे. वरचं पातं उंचीच्या टोकाला पोचण्याच्या जरा आधी थांबलं तर आनंद, जरा पुढे जाऊन थांबलं तर दुखवटा. समोरून पाहताना पाती घड्याळाच्या उलट फिरतात, एवढं ध्यानात ठेवलं की घोटाळा होत नाही.

पाणचक्क्या बघायच्या तर पूर्वेकडे ट्वेंटे आणि आख्टरहुक, दक्षिणेकडे ब्राबांट आणि लिम्बुर्ग. डेनेकाम्पजवळची सिंग्रावन ही त्यांतली नावाजलेली. उन्हाळ्यात ओढा आटला तर चाक बंद, हे कुणालाही कळेल. पण पुरातही बंदच. खालच्या बाजूचं पाणी वरच्या बाजूइतकंच चढलं की ढकलायला उतारच उरत नाही.

पीठ विकत घेणार असाल तर पिशवीवरचा शब्द वाचा. ‘टार्वेमेल’ म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं पीठ, ‘टार्वेब्लूम’ म्हणजे चाळलेलं. पोळ्यांसाठी पहिलं घ्या आणि बारीक चाळणीतून एकदा काढा. अंकुरातलं तेल पिठातच असल्याने ते लवकर खवट होतं, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच घ्या. जास्त घेतलंच तर फ्रिजमध्ये ठेवा.