जुन्या भातगिरणीचं पर्यटनस्थळ करताय? या चुका टाळा

घोटी-इगतपुरी पट्ट्यात एखादी जुनी भातगिरणी बंद पडली की आधी यंत्रं न्यायला भंगारवाला येतो आणि मग आर्किटेक्ट. इथेच घोळ होतो. मोकळी शेड, पिवळे दिवे आणि चहाचं काउंटर नाशिकच्या कुठल्याही हायवेवर मिळतं. लोक गाडी वळवतील ती भाताचं तूस काढणारा हलर, धान्य वर चढवणारा लाकडी एलिव्हेटर आणि पट्ट्यांनी यंत्रं फिरवणारा छताखालचा शाफ्ट बघायला. यंत्रं हलवावीच लागली, तर प्रत्येक भागावर रंगाने नंबर टाका, फोटो काढा आणि जुन्या मिस्त्रीला बोलतं करून व्हिडिओ करून ठेवा. कुठला पट्टा कुठल्या पुलीवर चढायचा हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? यंत्रं आधीच विकली असतील, तर दुसऱ्या बंद गिरणीतली आणा. पण पाटीवर तसं स्पष्ट लिहा. शाफ्ट फिरवून दाखवायचा असेल तर छोट्या मोटरवर, संथ फिरवा आणि पट्ट्यांना जाळी लावा. ओढणी, पदर पट्ट्यात अडकायला क्षणही लागत नाही.

दुसरी चूक सिमेंटची, आणि ही फार महागात पडते. जुनी भिंत बहुधा चुन्यात बांधलेली असते. ती ओल घेते, तशी सोडतेही. तिला सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग फासला की ओल आतच कोंडते. मग लोणा फुटतो, पोपडे पडतात, आणि कंत्राटदार म्हणतो, ‘अजून एक हात मारू.’ मारू देऊ नका. सिमेंट खरवडून काढा, चुन्याचाच गिलावा करा. त्याआधी पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरतंय का ते बघा, बाहेर चर काढा. इगतपुरीच्या पावसात इमारतीची पाहणी आषाढात करावी, काम दिवाळीनंतर.

‘माळ्याने पोत्यांच्या थप्प्या पेलल्या, माणसं काय जड?’ हे हमखास ऐकू येतं. पोती नाचत नाहीत, जिन्याकडे धावतही नाहीत. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, वाळवीही तिथेच लागते. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. भुसा पडला तर माळा बंद. नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही, स्ट्रक्चरल ऑडिट कराच. माळ्यावर लोक न्यायचे तर उतरायला दुसरा जिनाही हवा. एलिव्हेटरचा खड्डा उघडा ठेवू नका, मजबूत जाळी टाका म्हणजे आतलंही दिसेल.

छतावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू, घासू किंवा ड्रिल करू नका. त्यातले तंतू फुप्फुसात जातात. जाणकार माणसांकडून ओले करून अख्खे उतरवा.

वापरबदलाची परवानगी आणि अग्निशमनचा दाखला काम सुरू करण्याआधीच मार्गी लावा. 2027 च्या सिंहस्थाची गर्दी गाठायची म्हणून उलट क्रमाने जाल, तर ऐन पर्वणीत कुलूप लागायचं. स्वच्छतागृह, पार्किंग आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार नकाशातच दाखवा.

आणि इंद्रायणी विकायला ठेवाच. हलर बघून झाल्यावर ‘तांदूळ मिळेल का?’ हे लोक विचारणारच.