जुना मोबाइल अपडेटनंतर रखडतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

आईचा मोबाइल भाजीच्या गाडीपाशी बंद पडला. बॅटरी ३१ टक्के दाखवत होती. तिने क्यूआर कोड स्कॅन करायला कॅमेरा उघडला आणि स्क्रीन काळी झाली. "राहू द्या मावशी, उद्या द्या," म्हणून भाजीवाल्याने वेळ निभावून नेली. घरी आल्यावर चार्जरला लावला, तर आकडा २९! म्हणजे चार्जिंग संपलंच नव्हतं. "परवा तू तो अपडेट मारलास ना, तेव्हापासून हे सुरू झालंय," आईने निकाल देऊन टाकला. मीही फार विचार न करता त्याच रात्री फोन फॉरमॅट मारला.

आम्ही दोघंही चुकलो. फॉरमॅटनंतर फोन थोडा चपळ वाटला, पण पाचव्या दिवशी कॅमेरा उघडताच पुन्हा बंद. वर व्हॉट्सॲपचा बॅकअप निघाला आठ महिने जुना. आईने बचत गटाच्या वहीचे काढून ठेवलेले फोटो गेले ते गेलेच. ते ऐकून घ्यायला मी होतोच.

तेव्हा पहिली चूक हीच: दुखणं कुठलं ते न बघता सगळ्यात कडक औषध देणं. बॅटरी थकली असेल तर फॉरमॅटने काहीही होत नाही.

अपडेट झाल्या झाल्या निकाल देऊ नका

मोठा अपडेट आला की फोन आतल्या आत बरंच काम काढतो. ॲप्स नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार करतो, फोटोंची यादी नव्याने लावतो. एक-दोन दिवस तो गरम होतो, बॅटरी भराभर उतरते, टाइप करतानाही अडखळतो. अशा वेळी रात्री वायफाय चालू ठेवून चार्जिंगला लावा, सकाळी एकदा रिस्टार्ट करा, सगळी ॲप्स अपडेट करा. तीन-चार दिवसांनीही तीच रड असेल, तर मग शोध घ्या.

टक्क्यांवर विश्वास ठेवू नका

हे जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मी भांडणं इथेच आहेत. गच्चीवरची पाण्याची टाकी अर्धी भरलेली आहे, पण खाली येणाऱ्या पाइपात वर्षानुवर्षांचा क्षार साचलाय. एक नळ सोडला तर पाणी ठीक येतं. त्याच वेळी बाथरूमचा शॉवर सोडला की दोन्हीकडे नुसती धार. जुन्या लिथियम बॅटरीचं अगदी असंच होतं. टक्के सांगतात टाकीत किती उरलंय ते. पण बॅटरी जुनी झाली की तिचा आतला अवरोध वाढतो आणि एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. कॅमेरा उघडताना प्रोसेसर, स्क्रीन, सेन्सर आणि नेटवर्क सगळे एकदम हात पसरतात. व्होल्टेज ठरावीक रेषेखाली गेलं की फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हे जास्त जाणवतं.

यावरून सर्वांत मोठा वाद झाला तो आयफोनवरून. २०१६च्या अखेरीस आयफोन ६एस अचानक बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. जानेवारी २०१७मध्ये आयफोनच्या सिस्टीमचा अपडेट, आयओएस १०.२.१, आला आणि तक्रारी कमी झाल्या. कशाने, ते त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उघड झालं. फोनचा वेग मोजणारं गीकबेंच ॲप बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी त्याचे आकडे मांडून दाखवलं की या अपडेटनंतर बरेचसे ६एस मुद्दाम कमी वेगाने चालताहेत. २० डिसेंबरला ॲपलने ते मान्य केलं: बॅटरी थकलेली असेल तर फोन बंद पडू नये म्हणून प्रोसेसरला लगाम. २८ डिसेंबरला माफीही मागितली. बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आपल्याकडे साडेसहा हजारांवरून दोन हजार रुपये, कर वेगळा. पुढे २०१८च्या आयओएस ११.३मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं. २०२०मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून.

माझं मत विचाराल तर लगाम घालणं चूक नव्हतं. रस्त्यात बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू चालणारा बरा. गुपचूप घातला ही चूक. त्यामुळे ज्यांचं काम नव्या बॅटरीत झालं असतं, त्यातल्या कित्येकांनी नवा फोन घेतला.

मग अपडेट नेहमीच निर्दोष असतो का? नाही. २०१८मध्ये इटलीने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता. सॅमसंगचं प्रकरण गॅलक्सी नोट ४ चं होतं, जुन्या फोनवर जड अँड्रॉइड टाकायला लावल्याचं. जानेवारी २०२५मध्ये गूगलने पिक्सेल ४ए साठी असा अपडेट पाठवला की काही फोनांत बॅटरीची वापरता येणारी क्षमताच कमी झाली. पण उलटंही घडलेलं आहे. २०१२चा नेक्सस ७ टॅबलेट वर्षभरात कासव झाला होता. २०१३च्या अँड्रॉइड ४.३ ने स्टोरेजची साफसफाई नीट सुरू केली आणि तो पुन्हा चालायला लागला.

बॅटरी की स्टोरेज, हे घरीच ओळखा

आयफोनमध्ये सेटिंग्ज, बॅटरी आणि तिथे बॅटरी हेल्थ. ८० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर बदलायची वेळ आली. आयफोन १४पर्यंतच्या बॅटऱ्या साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के राहाव्यात अशा बनवलेल्या आहेत, १५पासून १,०००. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत असा आकडा दिसत नाही, तिथे लक्षणं बघा. ४० वरून थेट १८ वर उडी, कॅमेरा किंवा टॉर्च लावताच बंद, चार्जर लावलेला असताना मात्र बंद पडत नाही: बॅटरी. बंद पडत नाही, गरमही नाही, पण गॅलरी उघडायला दहा सेकंद आणि कीबोर्ड मागून येतो: स्टोरेज किंवा एखादं ॲप. ॲपचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे तुम्ही टाकलेली ॲप्स बंद ठेवून, फोन चालवून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर ऑफचं बटण स्क्रीनवर दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. तिथे फोन पळाला तर तुम्ही टाकलेलंच काहीतरी अडवतंय.

स्टोरेज काठोकाठ भरू नका

फोनच्या मेमरीत जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा कप्पा पुसावा लागतो. रिकामी जागाच नसेल तर प्रत्येक फोटोसाठी सामानाची हलवाहलव. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी हवीच. ३२ जीबीच्या फोनात ती कोण खातं, हे वेगळं सांगायला नको: सूर्योदय, गुलाब आणि 'शुभ सकाळ'. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथे मोठे व्हिडिओ वरच दिसतात. फोटो आपोआप सेव्ह होणंही बंद करा.

इथे एक खड्डा आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तिथूनच फोटो डिलीट केला की तो क्लाउडमधूनही जातो. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा.

क्लीनर आणि बूस्टर ॲप्स मात्र काढूनच टाका. सारखी ॲप्स वर सरकवून बंद करण्याचाही उपयोग नाही. बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त बॅटरी लागते.

गरम होऊ देऊ नका, गार करायला फ्रीजमध्येही ठेवू नका

उशीखाली चार्जिंग, मे महिन्यात गाडीच्या हँडलवर नकाशा लावून दुपारचा प्रवास, चार्जिंगला लावून गेम. तापलेला फोन आपणहून वेग कमी करतो आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं. फोन तापला तर कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलात तर आत दव धरतं.

बॅटरीत पैसे वाचवू नका

"ओरिजनलच आहे साहेब" हे वाक्य मी तीन दुकानांत ऐकलं, तीन वेगवेगळ्या किमतींना. वर छापलेल्या एमएएचला, म्हणजे क्षमतेच्या आकड्याला, काही अर्थ नाही, स्टिकर कुणीही छापतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मिळत असेल तर तिथेच बदला. नसेल तर पक्कं बिल आणि वॉरंटी लिहून घ्या, आणि फोन पाणीरोधक असेल तर उघडल्यावर तो तसा राहीलच असं धरू नका. मागचं झाकण उचललं गेलंय किंवा स्क्रीन एका बाजूने वर आलीय, तर बॅटरी फुगलीय. दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, सरळ दुकानात न्या.

भीतीने अपडेटच बंद करणं हाही उपाय नाही. सुरक्षेचे छोटे अपडेट लगेच घ्या, कारण याच फोनवर तुमचं बँकेचं ॲप आहे. अख्खी आवृत्ती बदलणारा असेल तर आठवडाभर थांबा, त्याच मॉडेलवाल्यांचं काय झालं ते बघा आणि आधी बॅकअप घ्या. मागे फिरता येईल हे गृहीत धरू नका. आणि दोन जीबी रॅमचा सात वर्षांचा फोन असेल तर मात्र बॅटरीवरही खर्च करू नका.

आईच्या फोनची बॅटरी शेवटी बदलली. कारागिराने झाकण उघडून जुनी टेबलावर ठेवली, तेव्हा ती मधोमध किंचित डुगडुगत होती, पोट आलेलं. आईने ती घरी न्यायला मागितली, पैसे दिलेत म्हणून. नेऊ दिली नाही, तिथल्याच ई-कचऱ्याच्या डब्यात टाकली.