हंगामापूर्वी महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा अंदाज कसा बांधावा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की प्रत्येक जिमखान्यात पहिली चर्चा गेल्या वर्षीच्या निकालाची होते आणि अंदाज चुकायला तिथूनच सुरुवात होते. तीन वर्षांच्या पदवीमुळे दर वर्षी संघातला एक मोठा गट बाहेर पडतो. त्यामुळे गेल्या वर्षीचा करंडक ज्यांनी जिंकला, त्यांपैकी मैदानावर आज कोण आहे, हे आधी कागदावर मांडावे. नुसती संख्या मोजू नये, जागेनुसार नावे लिहावीत. गोली, दोन्ही सेंटर बॅक (बचावफळीच्या मध्यावरचे खेळाडू) आणि मधल्या फळीत चेंडू वाटणारा खेळाडू हे चौघे टिकले असतील, तर गोल करणारा स्ट्रायकर गेल्याची हळहळ वाटली तरी संघ सावरतो. उलट स्ट्रायकर राहिला आणि हा कणा गेला, तर तो पुढे चेंडूची वाट पाहत उभा राहतो.

नव्या खेळाडूंबाबत घाई करू नये. अकरावी-बारावीची मुले एकोणीस वर्षांखालील शालेय क्रीडा स्पर्धांत खेळतात, विद्यापीठाच्या संघात नाही. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयात गाजलेला मुलगा त्याच आवारात प्रथम वर्षाला येईलच, असे गृहीत धरता येत नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या लांबतात आणि तो मधल्या फेरीत दुसरीकडेही जाऊ शकतो. प्रवेश पक्का झाल्याची आणि पात्रतेची खात्री शारीरिक शिक्षण संचालकांकडून करून घ्यावी; तोवर त्याचे नाव पेन्सिलीनेच लिहावे.

पुण्यात गेल्या काही वर्षांत भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची छोटी टर्फ मैदाने गल्लोगल्ली झाली आहेत आणि आजचे बरेच खेळाडू त्यांवरच घडले आहेत. अशा मुलांचा पहिला स्पर्श सुंदर असतो, दोन जणांच्या कचाट्यातून ती चेंडू अलगद काढतात आणि बघणारा हुरळून जातो. परंतु पाच-पाचच्या खेळात बहुधा ऑफसाइड नसते, चाळीस मीटरचा पास लागत नाही आणि मागे धावून परतायचे अंतरही थोडेच असते. म्हणून निवड चाचणीतल्या कौशल्यापेक्षा पूर्ण मैदानावरचा सराव सामना पाहावा, आणि तोही शेवटपर्यंत. माझ्या मते शेवटची वीस मिनिटेच खरी परीक्षा. बचावफळीने चेंडू दूर मारल्यावर ती चार पावले पुढे सरकते का, की तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहते? चेंडू गेल्यावर विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, परततो का? तो परतला नाही, तर त्याच्या मागच्या साइड बॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर, एकाच वेळी दोघे चालून येतात आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, तिथूनच पडतो. सराव सामना शक्यतो पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एखाद्या क्लबशी ठेवावा. दुबळ्या संघाविरुद्ध सहा गोल झाले, तरी त्यातून फारसे काही कळत नाही. आपले कोणते खेळाडू स्वतःच्या क्लबसाठीही खेळत आहेत, हेही विचारून घ्यावे, कारण दोन्हीकडे धावणाऱ्याचे घोटे आणि मांडीचे स्नायू आधी कुरकुरतात.

मग पाऊस. जून ते सप्टेंबर पुण्यातले मातीचे मैदान चिखलाचे असते. ओल्या गवतावर चेंडू घसरत वेगाने जातो, तर साचलेल्या पाण्यात तो थांबतो. आखूड पासवर उभारलेला संघ अशा दिवशी अडकतो. हवेतला चेंडू जिंकणारा सेंटर बॅक आणि लांबून फटका मारणारा मिडफिल्डर असलेला संघ तरतो. गोलीला मुद्दाम ओल्या चेंडूवर क्रॉस देऊन पाहावे: गर्दीत तो चेंडू पकडायला जातो की मुठीने लांब ढकलतो, आणि बाहेर येण्याचा निर्णय ओरडून सांगतो का? कोरड्या दिवशी उत्तम वाटणारा गोली इथे उघडा पडू शकतो. सर्वांकडे स्टड असलेले बूट आहेत का, हेही पाहावे. टर्फचे बूट चिखलात उपयोगाचे नसतात.

यानंतर आकड्याकडे यावे. स्पर्धा बाद पद्धतीची असेल, तर प्रत्येक फेरी जिंकावीच लागते. समजा संघ इतका चांगला आहे, की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची त्याची शक्यता 70 टक्के धरता येईल. तरीही सलग चार सामने जिंकण्याची शक्यता सुमारे 24 टक्केच उरते. पाच फेऱ्या असतील, तर सुमारे 17 टक्के. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, एका चुकीने सामना फिरतो आणि बरोबरी झाली तर टायब्रेकरमध्ये 11 मीटरवरून काहीही घडू शकते. त्यामुळे ‘यंदा आपणच’ असे म्हणणाऱ्यास हा गुणाकार जरूर करून दाखवावा. साखळी पद्धत असेल, तर एका वाईट दिवसाची भरपाई करता येते, म्हणून ताकदवान संघाचा अंदाज तिथे अधिक भरवशाचा ठरतो.

सामने लागोपाठच्या दिवशी ठेवले असतील, तर राखीव खेळाडूंचे वजन वाढते. बाराव्यापासून सोळाव्यापर्यंतची नावे घेताना अडखळायला झाले, तर अंदाज एक पायरी खाली आणावा. बदली खेळाडू किती चालतात आणि सामना किती मिनिटांचा, हे आयोजकांच्या नियमपत्रकातून पाहावे. सामन्यांच्या तारखा अंतर्गत परीक्षा आणि प्रात्यक्षिकांच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. अंतिम वर्षाचा गोली उपांत्य फेरीच्या दिवशी प्रयोगशाळेत असेल, तर ते आधी कळलेले बरे.

ड्रॉ, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी याची सोडत, निघाला की हाच कागद पुन्हा काढून, आपल्या बाजूला कोण आले आहे हे पाहावे आणि संघ ‘जिंकेल’ असे न लिहिता कोणत्या फेरीपर्यंत जाण्याची शक्यता किती, ते फेरीनिहाय लिहून खाली तारीख घालावी.