संशोधन लोकांसमोर मांडताय? मग या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात अधूनमधून संशोधकांची व्याख्यानं होतात. वक्ता ठरवणं, प्रोजेक्टर मागून आणणं, श्रोते गोळा करणं ही कामं माझ्याकडे आहेत. भूशास्त्र, इतिहास, सूक्ष्मजीवशास्त्र, अर्थशास्त्र, आम्हाला काहीही चालतं. विषय दर वेळी वेगळा असतो, चुका मात्र ठरलेल्या. समोर निवृत्त मास्तर, दोन डॉक्टर, एखादा वकील, शेतकरी आणि बारावीची पोरं बसलेली असतात. यातल्या कोणालाही कमी समजू नका. आणि एक ध्यानात घ्या, अर्थशास्त्राचा प्राध्यापक पेशीविज्ञान ऐकायला बसला की तोही सामान्य श्रोताच असतो. त्यामुळे पुढचं सगळं विद्यापीठातल्या शेजारच्या विभागासमोर बोलतानाही लागू आहे.

प्रबंधाच्या क्रमाने बोलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आधी गाईडचे आभार, मग विषयाची व्याप्ती, मग कोणी कुठल्या साली काय म्हटलं, मग साधनं, मग नमुने कसे गोळा केले. निष्कर्ष येईपर्यंत मागच्या दोन रांगा चहाला गेलेल्या असतात. परीक्षकाला हा क्रम लागतो, कारण तुमच्यावर शंका घेणं हे त्याचं कामच आहे. श्रोत्याला आधी प्रश्न हवा असतो. प्रश्न त्याला आपला वाटला की तुमची साधनंही तो निमूट ऐकून घेतो.

चांगला नमुना आपल्याकडेच आहे. जयंत नारळीकरांनी ज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. सोबत संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिष शिकून त्याची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे होते. खगोलशास्त्र, संख्याशास्त्र, चळवळ आणि ज्योतिष, म्हणजे चार दिशांची चार माणसं. प्रश्न मात्र एकच आणि कोणालाही कळेल असा: कुंडली पाहून मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, हे सांगता येतं का? दोन्ही प्रकारच्या मुलांच्या शंभर-शंभर कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यातल्या सरमिसळ केलेल्या ४० पाठवल्या. २७ जणांनी उत्तरं कळवली. त्यातली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी ५०च्या आसपास आली असती.

हे एसटी स्टँडवर उभं राहून सांगितलं तरी कळतं. यात संख्याशास्त्र गाळलेलं नाही, ते योग्य जागी आलंय एवढंच.

म्हणून माझी सवय अशी आहे: वक्त्याला आधी फोन करतो आणि दोन वाक्यं मागतो. प्रश्न काय होता, सापडलं काय. ‘ॲक्च्युअली सर, त्याआधी थोडं बॅकग्राउंड द्यावं लागेल’ असं उत्तर आलं, की पुढच्या रविवारी पुन्हा फोन करतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका मुलीने मात्र पहिल्याच फोनवर सांगितलं, ‘२०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. ते कोणी केलं, हे सांगते.’ पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासणी करून खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं होतं. तिने व्याख्यान तिथूनच सुरू केलं. शेवटपर्यंत एकही खुर्ची रिकामी झाली नाही.

एकच आकडा ठोकून देणं

‘लोकांना गोंधळात नको टाकायला’ या सबबीखाली होणारी चूक. हिचा अनुभवही लोणारचाच आहे, वक्ता वेगळा. भूशास्त्राचा तरुण, अभ्यास उत्तम. बसाल्ट खडकात उल्का आदळून पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा खड्डा कसा झाला, हे त्याने छान सांगितलं. मग स्लाइडवर मोठ्या अक्षरांत आलं: वय ५२,००० वर्षे. टिंब. पुढची स्लाइड.

प्रश्नांच्या वेळी एक निवृत्त मास्तर उठले. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि कात्रणात वय होतं ५ लाख ७० हजार. ‘यातलं खरं कोणतं?’ वक्ता गडबडला आणि म्हणाला, ‘ते वेगळं टेक्निक आहे, तुम्हाला नाही समजणार.’ झालं. मागून आवाज आला, ‘म्हणजे शास्त्रज्ञांचंच ठरलेलं नाही! मग लवणासुराची कथा काय वाईट आहे?’ सभागृह हसलं, आणि उरलेला वेळ विष्णूने लवणासुराला कसा मारला आणि त्यातून लोणार कसं झालं, या पुराणकथेवर गेला.

खरी चीड मला नंतर आली. बाहेर टपरीवर चहा पिताना याच मुलाने दोन्ही आकड्यांची फोड पाच मिनिटांत करून दाखवली. पहिला आकडा थर्मोल्युमिनेसन्सचा. नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा पदार्थात साठत जाते, ती मोजून वय काढतात. साठलेल्यापैकी काही गळून गेली तर वय कमी दिसतं. दुसरा आकडा आर्गॉनचा. पोटॅशियमपासून हळूहळू तयार होणारा हा वायू मोजतात. आघातात खडक वितळताना जुना आर्गॉन पुरता बाहेर पडला नाही तर वय जास्त दिसतं, म्हणून ती भर वजा करावी लागते. टपरीवाल्यालाही कळलं. त्याने विचारलंसुद्धा, ‘मग वजा किती करायचं हे कसं कळतं?’ भर सभेत यापेक्षा चांगला प्रश्न आला नव्हता.

वाद लपवला की तो श्रोत्यांपैकी कोणीतरी बाहेर काढतोच, आणि मग तुम्ही खोटे ठरता. आता मी वक्त्याला आधीच विचारतो, तुमच्या विषयात तुमच्याशी कोण भांडतं? ते भांडण व्याख्यानाच्या मध्यावर ठेवायला लावतो. लोकांना भांडण आवडतं, आणि विज्ञानातलं भांडण बहुधा मोजमापावरून होतं, त्यामुळे पद्धतही आपोआप सांगून होते.

एका नमुन्यावर इतिहास उभा करणं

हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहरावरचा २०१९चा शोधनिबंध आठवा. तिथल्या सांगाड्यांचे साठहून अधिक नमुने तपासले, त्यातून एकाच स्त्रीचा वापरण्याजोगा डीएनए हाती लागला. काम मोलाचंच होतं, पण त्या एका निबंधावरून ‘आर्य बाहेरून आले’ आणि ‘आलेच नाहीत’ असे परस्परविरोधी मथळे छापून आले. पुरातत्त्व, जनुकशास्त्र आणि भाषाशास्त्र एकत्र येतात तिथे ‘यावरून काय सिद्ध होत नाही’ हेही स्वतःच्या तोंडाने सांगा. नाहीतर श्रोते ते काम त्यांच्या मनाप्रमाणे पूर्ण करतात.

टक्केवारीने घाबरवणं

२०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. बऱ्याच जणांना वाटलं, शंभरातल्या अठरांना होणार. समजा, एरवी शंभरात पाच जणांना होत असेल, तर पाचाचे जवळपास सहा होतील. कशाच्या १८ टक्के ते सांगत नसाल, तर आकडा सांगू नका.

बाकीच्या, पटापट

कॉन्फरन्सचा पीपीटी जसाच्या तसा आणणं. हा निव्वळ आळस आहे, त्याला वेळेची कमतरता म्हणू नका.

उंदरांवरचा प्रयोग सांगताना ‘उंदीर’ हा शब्द शेवटी उच्चारणं.

आलेखाच्या अक्षांवर काय आहे हे न सांगता ‘इथे स्पष्ट दिसतं’ म्हणणं. कोणालाही काहीही दिसत नसतं.

चाळीस मिनिटं दिली असताना पंचावन्न बोलणं. मी सरळ सभागृहातले दिवे लावतो.

‘हा माझा विषय नाही’ म्हणून प्रश्न झटकणं. कोणाचा विषय आहे ते सांगा, निदान विभागाचं नाव तरी.

आणि आता नवीनच एक: प्रबंध सादर केला त्याच आठवड्यात रील. मौखिक परीक्षा अजून व्हायची असते, परीक्षकाने अहवालही पाठवलेला नसतो, आणि इकडे ‘माझ्या संशोधनाने उलगडलं रहस्य’. अशांचे फोन आम्हालाही येतात, लवकर तारीख द्या म्हणून. परीक्षा होऊ द्या, म्हणतो, मग बोलू.