जपानी स्वयंपाक गटाने शिकताय? या चुका टाळा

जपानमध्ये गटाने स्वयंपाक शिकायला सोयीची जागा म्हणजे वस्तीतलं कोमिनकान. या सार्वजनिक केंद्रात स्वयंपाकाची खोली ठरावीक वेळेसाठी मिळते. अलीकडे तिथे शेजारच्या जपानी आजींसोबत आपली मराठी मंडळीही दिसतात. तिथे पदार्थ फसतो तो बहुतेक वेळा हात जास्त झाल्यामुळे.

पहिली बिघडते ती दाशी, म्हणजे जपानी सुपांचा मूळ रस्सा. एक लिटर पाण्यात साधारण 10 ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजवायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचं. गटात मात्र सगळे चिराचिरीत रमतात आणि पातेल्यापाशी कुणीच नसतं. कोंबू खळखळून उकळलं की पाणी बुळबुळीत होतं, उग्र वास येतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. एकाला फक्त दाशीपाशी उभं करा, दुसरं काम देऊ नका. कोंबू काढल्यावर पाण्याला उकळी आणायची, गॅस बंद करून 20-30 ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचे पातळ काप, टाकायची, ती तळाशी बसली की गाळायचं. चिंचेच्या कोळासारखं पिळायला हात शिवशिवतात, पण पिळलं की दाशी गढूळ होते.

गटात शाकाहारी कोण आहे, हे आधीच विचारा. कात्सुओबुशी माशाची असते आणि बाजारातल्या बऱ्याच दाशी पावडरींतही मासा असतो. नुसत्या भाज्यांचं सूप म्हणून वाढलेलं कुणाला चालणार नाही, हे जेवताना कळणं फार वाईट. त्यांच्यासाठी कोंबू आणि सुके शिताके, म्हणजे वाळवलेली अळंबी, रात्रभर फ्रीजमध्ये थंड पाण्यात भिजवा.

भात कधी गिच्च, कधी टणक? माप तपासा. राइस कुकरसोबतचा कप 180 मिलिलिटरचा, पाककृतीतला 200 चा. तांदूळ एकाने मोजला, पाणी दुसऱ्याने, की झालाच घोळ.

मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, गॅस बंद करून, थोड्या दाशीत विरघळवून मगच घाला, नाहीतर सुगंध उडून जातो. आणि चव एकानेच बघायची. तिघांनी ‘जरा कमी वाटतंय’ म्हणत शोयू, म्हणजे सोया सॉस, ओतला की सूप खारट होणारच.

चावानमुशीला, म्हणजे दाशी घालून वाफवलेल्या मऊ अंड्याला, जाळी पडली तर आच जास्त होती. एका अंड्याला साधारण 150 मिलिलिटर गार दाशी घ्या, मिश्रण गाळा, मंद वाफेवर ठेवा. किती वेळ वाफवूनही सेट होत नसेल तर आत मायताके अळंबी कच्ची पडली आहे का बघा! तिच्यातलं एन्झाइम अंड्यातली प्रथिनं तोडतं. आधी उकडून घेतली की प्रश्न मिटतो.

टेम्पुराचं, म्हणजे जपानी भज्यांचं, पीठ आधी भिजवून ठेवू नका. तेल तापल्यावर बर्फाच्या पाण्यात कालवा, गुठळ्या राहू द्या. घोटलं की ग्लुटेन तयार होऊन आवरण चिवट होतं. पंधरा जण भुकेले असले तरी कढईत एकदम ढीग टाकू नका. तेल 170-180 अंशांखाली उतरलं की टेम्पुरा तेल पितो.

उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. ते गोठवायची पावडर गॅस बंद केल्यावर, तेल गरम असतानाच ढवळायची. गार तेलात ती विरघळत नाही आणि मग खोली सोडायची वेळ झाली तरी ती कढई कुणी न्यायची यावर चर्चा सुरूच राहते.