पलटी झालेल्या गाडीचं इंजिन: आधी ऑइलचा हिशोब, मग सेल्फ

गाडी पलटी झाली, आतली माणसं सुखरूप बाहेर आली, विंचने ओढून गाडी परत चार चाकांवर उभी केली, की घोळक्यातला कोणीतरी बोलतोच, "एक सेल्फ मारून बघ की, चालू होतीय का." तो सेल्फ मारू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा. आणि धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून स्टार्ट करणं तर त्याहून वाईट, सेल्फची मोटर निदान अडकून थांबते तरी, ओढणाऱ्या गाडीच्या वजनापुढे कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचा, काय टिकाव लागणार.

मी कोल्हापूरचा. आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं, एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि तिथून एका गॅरेजला लागलो जिथे ऑफरोडवाल्यांच्या जिप्सी, थार, पिकअप यायच्या. पावसाळा लागला की पलटीची कामं सुरू, कधी घाटातली, कधी गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजवरून परत आलेली, ती स्पर्धा २०१४ पासून भर पावसात चिखलात होते. आता बरीच वर्षं झाली या कामात, पण माझ्या दुसऱ्या वर्षी आलेली एक पिकअप अजून डोक्यातून जात नाही, ती सांगायलाच बसलोय. नवीन पोरं आमच्याकडे येतात ती अगदी त्याच जागी चुकतात.

इंजिन कसं चालतं ते तुम्हाला माहिती आहे असं धरतो. गाडी टपावर गेली की चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल पिस्टनच्या खालच्या अंगावर येऊन बसतं आणि रिंगांच्या फटीतून हळूहळू सिलेंडरमध्ये झिरपतं. सिलेंडर भरला आणि तुम्ही सेल्फ मारला की पिस्टन वर येताना ऑइल दाबायला जातो, हवा दबते, ऑइल दबत नाही, रॉड वाकतो. हे सगळ्यांना माहिती असतं. मलाही होतं. मी फसलो ते याच्या पुढच्या पायरीवर.

ती गाडी म्हणजे चार सिलेंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरतो तो), इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी), कॉमन रेल डिझेल (सगळ्या नोझलना एकाच हाय प्रेशर पाईपमधून डिझेल), मॅन्युअल गिअर. गगनबावड्याच्या बाजूला चढावर चाक दगडावरून सटकलं आणि गाडी आधी कुशीवर, मग टपावर. दोन-अडीच तास तशीच उलटी पडून होती. गॅरेजला आली तेव्हा वस्ताद, म्हणजे मला शिकवणारे मुख्य मिस्त्री, बाहेरगावी, दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. गॅरेजचे मालक म्हणाले तू सुरुवात कर, आणि मला वाटलं आज आपण दाखवू.

सुरुवात मी बरोबर केली होती. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, ॲसिड सांडलं होतं ते खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं. इंजिनची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, बघितली, कारण फाउंडेशन तुटून इंजिन पुढे सरकलं असेल तर फॅन जाळीत किंवा रेडिएटरमध्ये घुसतो. मग क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) लावून लांब रॅचेटने इंजिन हाताने फिरवलं, इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे, कारण चारही सिलेंडरचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. पाऊण फेऱ्यात ते घट्ट अडलं. इथे बरीच जणं रॅचेटला पाईप लावून जोर काढतात, तसं करू नका, अडलं म्हणजे आत काहीतरी आहे एवढंच समजायचं आणि हात काढायचा.

हीटर प्लग (थंडीत स्टार्ट होताना सिलेंडर तापवणारे) काढले, म्हणजे आतलं ऑइल त्या भोकांतून बाहेर पडतं. यावर एक सांगतो, जुन्या डिझेल इंजिनचे हीटर प्लग कार्बनने धरलेले असतात, घाई केली की हेडमध्येच तुटतात आणि मग वेगळंच काम वाढून बसतं, म्हणून गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी थोडं थोडं पुढे-मागे करत काढा. जिप्सीसारख्या पेट्रोल गाडीला स्पार्क प्लग दहा मिनिटांत निघतात, तिथे फक्त इग्निशन आणि इंजेक्शन दोन्ही बंद केल्याशिवाय फिरवू नका, उडणाऱ्या पेट्रोलला ठिणगी मिळाली की आग. माझ्या गाडीला मी नोझलचे (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतात त्यांचे) कनेक्टर काढले, भोकांवर जाड कापड टाकलं, बाजूला उभा राहिलो आणि सेल्फ मारला. दोन आणि तीन नंबरमधून काळं ऑइल बोनेटपर्यंत उडालं. पाच-सहा वेळा मारला, मग नुसती हवा यायला लागली. इंजिन मोकळं.

मला इतका आनंद झाला की मी ऑइल मोजायची पट्टी बघितली, ऑइल मिनिममच्या बरंच खाली होतं, म्हटलं सांडलं असणार तिकडे डोंगरात, आणि दोन लिटर नवीन ओतलं.

ही ती चूक. सेल्फ मारण्याची नाही, प्लग काढण्याची नाही, ते दोन लिटर काही न विचारता ओतण्याची. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तरी वाचा. त्या इंजिनमध्ये साडेसहा लिटर ऑइल बसतं. पट्टीच्या हिशोबाने दोन लिटर कमी. सिलेंडरमधून उडालं ते कापडावर, बोनेटवर, जमिनीवर सगळं धरून फार तर पाव लिटर. मग बाकीचं पावणेदोन लिटर कुठे गेलं? पडल्या जागेवर सांडलं असेल तर तिथे डाग पाहिजे, चेंबरला चीर पाहिजे, हेड कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) बाहेर ओघळ पाहिजे. गाडीच्या मालकाला एक फोन केला असता तर तो म्हणाला असता की खाली जमीन जवळजवळ कोरडी होती, कारण नंतर विचारलं तेव्हा तो हेच म्हणाला. म्हणजे ऑइल गाडीतच होतं. कुठे, तर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाईपच्या, वाटेने गेलेलं. ब्रीदरचा पाईप हेड कव्हरवरून निघतो आणि टर्बोच्या तोंडाशी हवेच्या पाईपला जोडतो. गाडी सरळ असताना हेड कव्हर सगळ्यात वर, त्यामुळे तिथून फक्त वाफ जाते. गाडी उलटी झाली की हेड कव्हर सगळ्यात खाली, सगळं ऑइल तिथे साठतं आणि ब्रीदर म्हणजे टाकीला खालून लावलेला नळ होतो. ते टर्बोमध्ये जातं, तिथून इंटरकूलरमध्ये, आणि गाडी परत सरळ केली की इंटरकूलरच्या तळाशी गुपचूप बसून राहतं. सिलेंडर साफ झाले म्हणजे इंजिन साफ झालं असं मी धरलं. सिलेंडर ही ऑइल जायची एक जागा आहे, हवेची पूर्ण वाट ही दुसरी, आणि मोठी तीच.

प्लग बसवले, कनेक्टर लावले, चालू केली. पांढरा-निळा धूर आला, तो येणारच, पाईपमध्ये राहिलेलं जळतं. दोन मिनिटं आयडल छान. मी थोडी रेस दिली. हवेचा वेग वाढला तसं इंटरकूलरमधलं ऑइल उचललं गेलं आणि रेस आपोआप चढायला लागली. मी पाय काढला, रेस चढतीच. चावी बंद केली, तरी चढतीच. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, हवा आणि जळणारं काहीतरी मिळालं की ते चालतं, आणि त्याला आता चावीने बंद होणारं डिझेल नको होतं, ते ऑइलवर पळत होतं. तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. शेड धुराने भरलं. पलीकडच्या शेडमधला एक म्हातारा मिस्त्री पळत आला, मला दारातून खेचलं, आत बसून ब्रेक दाबला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन मेलं.

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले. ओरडले नाहीत. इंटरकूलर काढायला लावला, घमेलं पुढे ठेवलं आणि म्हणाले, "ओत यात. आणि मोज." मी इंटरकूलर तिरका धरला, आधी काही आलंच नाही, मग एक जाड काळी धार लागली आणि ती थांबेना. लिटरच्या मापाने मोजलं, पळापळीत जळून गेलेलं सोडूनही सव्वा लिटर भरलं. टर्बोचा शाफ्ट हाताने हलत होता, तो गेला. चेंबर उतरवून बिग एंड बेरिंग (रॉड क्रँकवर फिरतो तिथलं) काढलं तर वरचा थर घासून खालचं तांबं दिसायला लागलेलं. खर्चाचा काही भाग माझ्या पगारातून बरेच महिने गेला. मला त्याचं दुःख आहेच, पण ज्याची गाडी होती त्याने माझ्यावर विश्वासाने सोडली होती, ते जास्त लागतं.

वस्ताद कसा असावा यावर माझं मत स्पष्ट आहे. जो नुसता शिव्या देतो त्याच्याकडे तुम्ही नुसते स्पॅनर-पाने ओळखायला शिकाल. जो मोजायला लावतो त्याच्याकडे राहा, पगार हजार-दोन हजार कमी असला तरी राहा.

तर आता मी काय करतो. पहिला प्रश्न ड्रायव्हरला: उलटी झाल्यावर इंजिन किती वेळ चालू होतं, आणि बंद तू केलंस की आपोआप पडलं? उलट्या गाडीत ऑइल पंपाची जाळी हवा ओढते, बेरिंगला ऑइल जात नाही, त्यामुळे चालू राहिलेलं इंजिन असेल तर बेरिंगवर संशय पहिल्या दिवसापासून. मग जुनं ऑइल पूर्ण काढून मापतो आणि भिंतीवर खडूने लिहितो, किती बसतं, किती निघालं, किती उडालं, किती सांडलं. बेरीज जुळेपर्यंत चावी माझ्या खिशात. एअर फिल्टर ओला असेल तर नवीन, ब्रीदरचा पाईप, टर्बोचं तोंड, इंटरकूलर, मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलेंडरना हवा वाटणाऱ्या पाईपपर्यंतचे) होज सगळे उतरवतो. इंटरकूलर डिझेलने धुतला तर पूर्ण वाळवा, आत राहिलेलं डिझेलही त्याच वाटेने जळायला जाणार आहे. पहिल्यांदा चालू करताना एक माणूस सीटवर ब्रेकवर पाय ठेवून, गाडीच्या पुढे कोणी उभं नाही, आणि हवेच्या पाईपच्या तोंडाशी सपाट फळी घेऊन दुसरा माणूस. हाताने किंवा कापडाने तोंड बंद करायला जाऊ नका, ते ओढून घेतं.

डिझेल लाईनमध्ये हवा शिरली असेल तर हातपंपाने काढा, कॉमन रेलचा हाय प्रेशरचा नट ढिला करून सेल्फ मारायची जुनी सवय इथे चालणार नाही, हजार बारच्या वरचं प्रेशर असतं, डिझेल कातडीतून आत घुसतं.

स्कॅनरबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या मशीनबद्दल. लावा, पण शेवटी. मी तेव्हाही स्कॅनर लावला होता आणि त्याने काय दाखवलं, तर मीच काढलेल्या कनेक्टरचे कोड. वाकलेला रॉड त्याला दिसत नाही, इंटरकूलरमधलं ऑइल दिसत नाही. आजकाल पोरं बोनेट उघडायच्या आधी मोबाईलवर कोड बघतात, मला ते पटत नाही.

कॉम्प्रेशनही (प्रत्येक सिलेंडर हवा किती दाबतो तो आकडा) लगेच काढू नका, किंवा काढा पण विश्वास ठेवू नका. सिलेंडरच्या भिंतीला ऑइल असेल तर रिंगा खोट्या सील होतात आणि आकडा चांगला येतो. गाडी थोडी चालवून, तापवून, परत घ्या, आणि मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा चारही सिलेंडर एकमेकांशी ताडून बघा. एकच खाली असेल तर त्याचा रॉड आखूड झालाय का हा प्रश्न विचारा, रॉड थोडा वाकला तरी इंजिन चालतं, महिनाभर चालतं, आणि मग एक दिवस रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

घाबरून जाऊ नका मात्र. पलटी झालेली बहुतेक इंजिनं मी परत चालू केलीत, सेल्फ न मारता ज्यांनी आणली त्यांची तर अगदी थोडक्यात, ऑइल, फिल्टर, होज एवढ्यावर. विमा असेल तर उघडण्याआधी फोटो आणि कंपनीला कळवणं विसरू नका, अपघातानंतर चालू करायला जाऊन झालेलं नुकसान बऱ्याचदा नाकारतात.

आणि सगळं झाल्यावर, शंभरएक किलोमीटरनी ऑइल बदलाल तेव्हा काढलेला फिल्टर फेकू नका. कापा, आतला कागद उलगडा आणि उन्हात तिरका धरा. बेरिंग गेलं असेल तर घड्यांमध्ये चमकी दिसते. त्या पिकअपचा फिल्टर मी तीनदा कापला. तिसऱ्यांदा कागद नुसता काळा निघाला, तेव्हा वस्तादांनी गाडीची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा, देऊन ये त्यांना."