सगळी खाती हिरवी, तरी माल उशिरा

आमच्या मशीनिंगच्या कारखान्यात महिनाअखेरीला प्रत्येक खात्याचं स्कोअरकार्ड हिरवंगार, म्हणजे लक्ष्य गाठलेलं, आणि ग्राहकाचे तगाद्याचे फोन मात्र चालूच. दोष केपीआयमध्येच, म्हणजे कामगिरी मोजायच्या आकड्यांमध्येच होता. खरेदी 'किलोमागे बचत' दाखवायची, म्हणून हलक्या दर्जाचा बार (ज्यातून भाग कापतात ती धातूची सळई) यायचा. उत्पादन 'पाळीमागे नग' मोजायचं, म्हणून मशीनचं सेटिंग न बदलता सोपे भागच निघत राहायचे.

मी प्रत्येक कार्डावर सर्वांत वर एकच सामायिक आकडा घातला: ठरल्या तारखेला, पूर्ण संख्येने पोचलेल्या ऑर्डरींची टक्केवारी. तारीख ग्राहकाच्या मूळ पीओवरचीच (खरेदी-ऑर्डरवरचीच) धरायची, मागाहून वाढवून घेतलेली नाही. यावर मी अडून बसलो. शिवाय खरेदीच्या बचतीतून त्या मालाच्या रिजेक्शनचा खर्च वजा होऊ लागला. आता बारची ऑर्डर देण्याआधी खरेदीवाले स्वतः क्वालिटीच्या टेबलाशी येतात.